"नोकरी सोडू का गं?" लहान मूल असलेल्या मुंबईतल्या आयांचे (आणि दोन-चार बाबांचे) नेहमीचे प्रश्न

हे एकदाच लिहून टाकतेय, कारण महिन्यातून तीनदा तरी कोणाचा ना कोणाचा फोन येतो. कधी मावसबहीण, कधी ऑफिसमधली नवीन मुलगी, कधी नणंदेची मैत्रीण, आणि प्रश्न तोच, "ताई, तू सोडली होतीस ना, मी काय करू?" मी भांडुपला राहते, अंधेरीला अकाउंट्समध्ये होते, लेक १४ महिन्यांची असताना नोकरी सोडली, तीन वर्षं चार महिने घरी होते, २०१९ ला परत लागले. म्हणजे दोन्हीकडचे टोमणे खाऊन झालेत. लेक आता पाचवीत आहे. काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, प्रत्येकीचं घर वेगळं, पण हिशोब कसा मांडायचा ते मी सांगू शकते, पोटापाण्याचा धंदाच आहे माझा तो.

पाळणाघर, पोळ्यांच्या मावशी, पास सगळं वजा केलं तर माझ्या पगारातलं उरतं किती? मग एवढी धावपळ कशाला?

आमच्याकडे हा हिशोब कालनिर्णयच्या मागच्या पानावर झाला. २०१६ चा मार्च, रात्रीचे साडेदहा, लेक नुकती कुठे झोपलेली, नवऱ्याने दुधाच्या खाड्यांच्या खाली रिकामी जागा बघून आकडे मांडले. माझे हातात येणारे ४२,०००. त्यातून पाळणाघर ९,०००, स्वयंपाकाच्या मावशी ४,५००, ट्रेन-मेट्रो-रिक्षा २,८००, आणि कपडे, बाहेरचा चहा, ऑफिसातल्या वाढदिवसांची वर्गणी असं सगळं मिळून ३,०००. बेरीज १९,३००. खाली दोन रेघा मारून उरले २२,७००. "बावीस हजारांसाठी रोज एवढं मरायचं का?" चांगल्या मनानेच म्हणाला तो, मला इतकं दमलेलं त्याला बघवत नव्हतं.

आणि मी, दिवसभर दुसऱ्यांच्या व्हाउचरमधल्या चुका काढणारी बाई, मला समोरची एवढी मोठी चूक दिसली नाही. पाळणाघराचे ९,००० माझ्याच पगारातून का गेले? मूल दोघांचं ना? पोळ्या तोही खातो, माझ्यापेक्षा दोन जास्तच. त्याचा पगार त्या पानावर नव्हताच मुळात, त्याचा पास, त्याचा चहा, त्याची शुक्रवारची पार्टी, काहीच वजा झालं नव्हतं. पाळणाघर आणि मावशी निम्मे-निम्मे केले असते तर माझे उरले असते २९,४५०. एकोणतीस हजारांना सहसा कोणी "कशाला" म्हणत नाही.

दुसरी गोष्ट, त्या पानावर फक्त एक महिना होता. पाळणाघराचा मोठा खर्च दोन-अडीच वर्षांचा, शाळा लागली की तो अर्ध्यावर येतो, आणि पगार तिकडे वाढत असतो. एका महिन्याच्या वजाबाकीवर वीस-पंचवीस वर्षांचा निर्णय आम्ही घेतला आणि तोही झोप अनावर झालेली असताना.

हां, पण हेही खरं की प्रत्येकीचं गणित जमेलच असं नाही. पगार १५,००० आणि घर बदलापूर किंवा विरारला, जाऊन-येऊन चार तास, वर पाळणाघर संध्याकाळी सातला बंद, तर मग निम्मे-निम्मे करूनही हाती फार काही लागत नाही. तिला मी नोकरी धरून ठेव असं कोणत्या तोंडाने सांगू.

तीन वर्षं घरी राहिलं तर तीन वर्षांचा पगार जातो, एवढंच ना?

तेवढंच असतं तर हे लिहायला बसलेच नसते.

माझा बेसिक, म्हणजे पगारातला मूळ भाग, होता २०,०००. त्यावर १२ टक्के माझे आणि तेवढेच कंपनीचे पीएफला, त्यातले कंपनीकडचे १,२५० पेन्शनला वळतात, म्हणजे पीएफ खात्यात महिन्याला साधारण ३,५५०. तीन वर्षांचे झाले १,२७,८००. वर्षाला ८ टक्के धरले आणि २० वर्षं हात लावला नाही तर त्याचे जवळपास सहा लाख होतात. हे सहा लाख कालनिर्णयवर कुठेच नव्हते कारण ते हातात येत नाहीत ना, आणि जे हातात येत नाही ते आपल्याकडे पगार धरतच नाहीत.

मग ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम. कायमच्या नोकरीत पाच वर्षं सलग झाली की ती मिळते, मॅटर्निटी लीव्ह त्या पाच वर्षांत धरली जाते. मी सोडली तेव्हा मला झाली होती चार वर्षं सात महिने. एचआरने काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. १५ भागिले २६ गुणिले बेसिक गुणिले वर्षं, असा हिशोब असतो, माझे ५७ हजारच्या आसपास झाले असते. थोडे महिने कळ काढली असती, बिनपगारी रजा मागून बघितली असती, काहीतरी केलं असतं. आजही गॅसवर दूध उतू गेलं की मला ते सत्तावन्न हजारच आठवतात.

पीएफबरोबरची ती पेन्शन, म्हणजे ईपीएस, मिळायला एकूण १० वर्षं नोकरी लागते, वेगवेगळ्या कंपन्यांची मिळून चालते. म्हणून नोकरी सोडल्या सोडल्या पीएफ काढून फ्रिज घेऊ नका. राहू दे, व्याज चालू राहतं. पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर टॅक्सपण लागू शकतो.

पण सगळ्यात मोठा फटका परत येताना बसतो. ४२,००० वर वर्षाला ८ टक्के वाढ धरली तरी तीन वर्षांत ५२-५३ हजार झाले असते. मला परत येताना मिळाले ३६,०००. पुढची प्रत्येक वाढ त्या ३६ वर, म्हणजे हा फरक एकदाच बसत नाही, दर महिन्याला बसत राहतो. क्लॉडिया गोल्डिन या अर्थतज्ज्ञ बाईंना २०२३ चं नोबेल मिळालं ते बायकांच्या कमाईवरच्या कामासाठी, अमेरिकेच्या सुमारे २०० वर्षांच्या नोंदी तपासल्या त्यांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आता बाई आणि पुरुष यांच्या पगारातली बरीचशी दरी पहिलं मूल झाल्यावर पडायला लागते, कारण काही नोकऱ्या हावरट असतात, रात्री नऊला फोन उचलणाऱ्याला त्या दुप्पट देतात. मग घरातल्या एकाने तो फोन उचलायचा तर दुसऱ्याने ताप आलेल्या पोराकडे बघायचं. तो दुसरा कोण असतो ते सांगायला नोबेल लागत नाही, आमच्या भांडुपच्या लेडीज डब्यात कोणीही सांगेल.

आईने घरी असणं ही आपली परंपरा आहे ना, पूर्वी कुठे होती पाळणाघरं?

कोणाची परंपरा? लालबाग-परळच्या गिरण्यांमध्ये वाइंडिंग आणि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांत बायकाच बायका होत्या. बाळंतपणाच्या रजेचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ ला झाला, देशातला पहिला, आणि त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात त्या बिलाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी या शहरात कामावर जाणाऱ्या आया एवढ्या होत्या की त्यांच्यासाठी कायदा करावा लागला.

ज्या गिरणीत नव्हत्या त्या काय घरी बसल्या होत्या का? गावाहून एकटे आलेल्या कामगारांना जेवू घालायच्या खानावळी चालवायच्या, दहा बाय दहाच्या खोलीत तीस-तीस माणसांचं जेवण. त्यांनाच एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. आणि १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार घरी बसले तेव्हा कितीतरी घरं बायकांच्या पापड-पोळ्यांवर, धुण्याभांड्यांवर, शिलाई मशीनवर तगली. माझी आजीसासू त्यातलीच, करी रोडला राहायची, आणि तिची मुलं चाळीच्या गॅलरीत चार शेजारणींच्या नजरेखाली मोठी झाली. पाळणाघरच होतं की ते, फक्त फी नव्हती.

मला वाटतं ही 'परंपरा' आली ती एकाच्या पगारात घर भागायला लागल्यावर, मध्यमवर्गात, आणि तीही थोडीच वर्षं टिकली. आता मुलुंडला वन बीएचकेचा हप्ता एका पगारात भरून दाखवा.

मॅटर्निटी लीव्ह किती मिळते आणि पाळणाघर द्यायची जबाबदारी कंपनीची असते का?

२०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी, त्यातले जास्तीत जास्त ८ बाळंतपणाच्या आधी घेता येतात. तिसऱ्या मुलाला १२ आठवडे. मूल दत्तक घेतलं तरी १२. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. माझी लेक २०१५ ची, म्हणून मला १२ च आठवडे मिळाले, ऑफिसच्या बाथरूममध्ये उभं राहून दूध काढून फेकून दिलंय मी, असो.

५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिकडे जाऊ द्यायला हवं. कागदावर. प्रत्यक्षात मी इंटरव्ह्यूमध्ये विचारलं तर समोरचा माणूस असा बघायला लागला जसं काही मी ऑफिसात स्विमिंग पूल आहे का विचारलं. तरी विचारा. दहा जणींनी विचारलं तर अकरावीला तरी कोणी तसं बघणार नाही.

सगळी रजा कंपनीच्याच खिशातून जाते, हे मला पटत नाही. छोटा मालक मग लग्न झालेली मुलगी दिसली की "बघतो, कळवतो" म्हणतो. सरकारने त्यातला वाटा उचलला पाहिजे असं माझं मत आहे, आणि बापांनाही रजा सक्तीची केली तर मालकाला बाई घेतली काय नि पुरुष घेतला काय, सारखंच.

आजी-आजोबा आहेत की घरी, पाळणाघराचे पैसे कशाला घालवायचे?

सासूबाईंनी लेकीला पहिले आठ महिने सांभाळलं आणि प्रेमाने सांभाळलं. पण आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यांचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. रांगणाऱ्या पोरामागे साठीतल्या बाईने दिवसाचे दहा तास धावायचं म्हणजे काय हे मला घरी बसल्यावर कळलं, तेव्हा माझं वय होतं एकतीस आणि माझी कंबर धरायची. त्या कधी बोलल्या नाहीत. एकदा मात्र आत्यांशी फोनवर बोलताना ऐकलं, "आपली पोरं वाढवली, आता यांची वाढवायची, आपल्याला कुठे रिटायरमेंट." मी पाण्याचा ग्लास घेऊन तशीच मागे फिरले.

आजी सांभाळते तेव्हा पाळणाघर फुकट होत नाही, त्याचा खर्च आजी भरते, एवढं लक्षात ठेवा. अर्धा दिवस आजी आणि अर्धा दिवस पाळणाघर असं जमलं तर बघा. आणि महिन्याला त्यांच्या हातात काही ठेवा. त्या नको म्हणतील. तरी ठेवा, पाकिटात घालून, औषधाला म्हणून.

ट्रेन बंद पडली, पाऊस लागला, तर मुलाचं काय?

पाळणाघर बघताना भिंतीवरचे मिकी माऊस आणि एसी नंतर बघा, आधी हे विचारा की मला उशीर झाला तर काय. २०१९ च्या सप्टेंबरचा पाऊस, मला परत लागून जेमतेम दोन महिने झालेले. अंधेरीहून मेट्रोने घाटकोपरपर्यंत आले आणि खाली सेंट्रलवर काहीच हलेना, प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नाही, अनाउन्समेंट काय चाललीये ते ऐकू येत नाही, फोनची बॅटरी ११ टक्के. नवरा सीएसएमटीला अडकलेला. पाळणाघराच्या काकूंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "अगं, वरणभात खाऊन झोपलीये ती माझ्या कुशीत, तू सावकाश ये, पाण्यातून चालत येऊ नकोस." रात्री सव्वाअकराला पोचले. काकू दारात टॉर्च घेऊन. त्यांच्या वहीत उशिराची मिनिटं पेन्सिलने लिहिलेली असायची, महिनाअखेरीस त्याचे पैसे लावायच्या, अगदी चोख. त्या दिवसाच्या रकान्यात नुसतं 'पाऊस' लिहिलं होतं.

घरापासून चालत दहा मिनिटांत असलेलं, बाई प्रेमळ आणि वही चोख, बस. ऑफिसजवळच्या फॅन्सी पाळणाघरात मूल नेऊ म्हणाल तर पीक अवरला कडेवर पोर घेऊन एकदा ठाण्याहून दादरला जाऊन बघा.

बाबा घरी राहिला तर? बायकोचा पगार जास्त आहे.

राहू द्या की. आमच्या शेजारच्या विंगमध्ये एकजण आहे, बायको बँकेत मोठ्या पोस्टवर, त्याने डिझाइनचं काम सोडून मुलगा सांभाळला तीन वर्षं. उत्तम सांभाळला, डोशाचं पीठ माझ्यापेक्षा बरं आंबवतो. पण खाली गेटवर कोणी विचारलं की "वर्क फ्रॉम होम आहे" म्हणून सांगायचा. त्याची आई गावाहून फोन करून विचारायची, "लागलं का रे काही?" आणि गार्डनमध्ये आयांच्या घोळक्यात त्याला कोणी घ्यायचं नाही, आम्हीसुद्धा नाही, आता वाईट वाटतं. शाळेच्या ग्रुपचं नावच 'मॉम्स ऑफ सीनियर केजी', त्यात तो एकटा बाप, हळदीकुंकवाचे मेसेज वाचत बसलेला.

खाजगी नोकरीत बापाला रजा द्यायलाच हवी असा देशभराचा कायदा नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात. पंधरा दिवसांत बाळाची नाळसुद्धा धड पडून सुकत नाही.

"दिवसभर घरी काय करतेस?" याला काय उत्तर द्यायचं?

उत्तर देत बसू नका. पण मनाशी आकडा असू द्या. सरकारच्याच २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेमध्ये, म्हणजे कोणाचा वेळ कशात जातो त्या पाहणीत, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. मुलं-म्हातारी सांभाळण्यात बायकांची १३७, पुरुषांची ७५. म्हणजे दोन्ही मिळून सात तासांची ड्युटी, रविवार नाही, कॅज्युअल लीव्ह नाही.

कोर्टालाही याची किंमत करावी लागते, कधी? तर अपघाताच्या नुकसानभरपाईत. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका खटल्यात गृहिणीच्या कामाची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरली होती. २०२१ मध्ये त्याच कोर्टाने पुन्हा बजावलं की गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरायलाच हवं, ती काही कमवत नाही हा समजच चुकीचा. मला यातली गंमत अशी वाटते की बाई गेल्यावर तिच्या कामाचा आकडा निघतो, आहे तोवर "आमची ही घरीच असते."

आणि कामावर जायला लागल्यावर सुटका झाली असं समजू नका. तेव्हा प्रश्न बदलतो, "मग मुलीकडे कोण बघतं?" माझ्या नवऱ्याला हा प्रश्न दहा वर्षांत एकदाही कोणी विचारलेला नाही. मी मोजलंय.

नोकरी करणाऱ्या आईची मुलं बिघडतात का?

नाही. घरी असणाऱ्या आईची सुधारतात असंही नाही. पुढचा प्रश्न.

घरीच राहायचं ठरलंय. पैशाचं काय काय करून ठेवू?

हे नीट वाचा, लाजू नका, आणि "आमच्यात तुझं-माझं नाही" हे वाक्य जरा वेळ बाजूला ठेवा. माझ्यातही नव्हतं. तरी एटीएमचा ओटीपी त्याच्या फोनवर यायचा आणि मी भाजीसाठी मेसेज करून पैसे मागायचे.

पहिलं, जॉइंट खातं, आणि त्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप तुमच्या स्वतःच्या खात्यात. २०२४ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने पोटगीच्या एका निकालात हेच लिहिलंय, की घर सांभाळणाऱ्या बायकोला नवऱ्याने पैशाचा आधार द्यावा, जॉइंट खातं, एटीएम वगैरे. न्यायमूर्तींनी सांगितलंय म्हटल्यावर सासरे पण गप्प बसतात, करून बघा.

दुसरं, तुमच्या नावावर पीपीएफ, म्हणजे नोकरी नसली तरी उघडता येतं ते सरकारी बचत खातं. वर्षाला कमीत कमी ५००, जास्तीत जास्त दीड लाख, मुदत १५ वर्षं. नवऱ्याने दिलेल्या पैशातून तुमच्या नावावर एफडी केली तर त्याचं व्याज त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं, टॅक्स त्याला लागतो, पण पीपीएफच्या व्याजाला टॅक्सच नाही त्यामुळे ती कटकट नाही. बुडालेला पीएफ भरून काढायला यासारखं सोपं काही मला दिसलेलं नाही. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर सुकन्या समृद्धी काढाच, पण ती तिची, तुमची नव्हे. बऱ्याच जणी मुलीचं खातं भरतात आणि स्वतःचं राहून जातं.

तिसरं, एकाच्या पगारावर घर आलं की त्या एकाचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेला तर घरच्यांना पैसे देणारा विमा, हवा, आणि तो विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली घ्यायला सांगा. १८७४ चा कायदा आहे, जुना पण कामाचा. त्यात पैसे बायको-मुलांचेच राहतात, उद्या नवऱ्याचं कर्ज निघालं तरी कर्ज देणाऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. फॉर्म भरतानाच टिक करावं लागतं, नंतर होत नाही. एजंट आपणहून सांगेलच असं नाही.

चौथं, घर. लग्नानंतर घेतलेल्या घरात बायकोचा आपोआप अर्धा वाटा असतो असं खूप जणींना वाटतं. नसतो. कागदावर नाव असेल तर आहे. मद्रास हायकोर्टाने २०२३ मध्ये एका खटल्यात घर सांभाळणाऱ्या बायकोचा निम्मा वाटा मानला, पण तो त्या खटल्यापुरता निकाल झाला, अख्ख्या देशाचा कायदा नाही. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे २०२१ पासून. सत्तर लाखांच्या घराला सत्तर हजार. नवरोबांना हा मुद्दा पटकन कळतो असा अनुभव आहे.

घरकामाला पगार मिळायला हवा का? लाडकी बहीणचे मिळतात ना आता.

ते महिन्याचे १,५०० घरकामाचा पगार म्हणून नाहीत, अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या २१ ते ६५ वयाच्या बायकांसाठी आहेत, नोकरी न करणाऱ्या सगळ्यांना नाहीत. पण आमच्याकडे भांडी घासायला येतात त्या ताईंनी त्यातून पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं खातं उघडलं आणि पासबुक मला दाखवायला आणलं. नवऱ्याकडून 'पगार' घेण्याच्या मात्र मी विरोधात, मग तो मालक होतो. वाटा म्हणा.

घरून काहीतरी केलं तर दोन्ही साधेल का?

लिज्जत पापड १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केला, हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांना ऐकवलं जातं. त्या सात जणी होत्या आणि गच्चीवर पापड लाटायच्या, कडेवर पोर घेऊन लॅपटॉपवर जीएसटी रिटर्न नव्हत्या भरत. मी घरी असताना दोन दुकानांचे हिशोब घ्यायचे, ते लेक झोपली की व्हायचे, म्हणजे रात्री अकरा ते एक. पैसे फार नाही मिळाले, पण टॅली, ते हिशोबाचं सॉफ्टवेअर, हातातून सुटलं नाही आणि परत येताना तेच उपयोगी पडलं. लॉकडाऊनमध्ये तर सगळ्यांनीच बघितलं, मूल घरात आणि काम घरात म्हणजे दोन्ही निम्मं निम्मं. घरून काम करणार असाल तरी दिवसाचे चार तास मूल दुसऱ्या कोणाकडे हवंच.

गॅपनंतर परत घेतात का?

घेतात. कमी पैशात घेतात. मला एका ठिकाणी पॅनेलवरच्या बाईनेच विचारलं, "तीन वर्षं काहीच केलं नाही?" मी म्हटलं दोन दुकानांचे हिशोब आणि एक मूल. ती नोकरी नाही मिळाली. बायोडेटात गॅप लपवू नका, एका ओळीत लिहून मोकळ्या व्हा. जुन्या सहकाऱ्यांना दिवाळीला मेसेज करत राहा, मला आताची नोकरी जुन्या ऑफिसातल्या एका सरांच्या शब्दावर मिळाली. आणि पहिला आकडा ते सांगतील तो घेऊ नका, मी घेतला. सहा महिन्यांनी वाढ द्यायचं तोंडी ठरलं होतं ते कुठे गेलं देवाला ठाऊक.

परत जायच्या आधी महिनाभर नवऱ्याची प्रॅक्टिस घ्या. डबा, लसीकरणाच्या तारखा, पाळणाघराचा नंबर, रिक्षावाल्या काकांचा नंबर, हे सगळं त्याच्या फोनमध्ये हवं. आमच्याकडे अजूनही लेकीला ताप आला की शाळा आधी मलाच फोन करते, फॉर्मवर त्याचा नंबर पहिला लिहिलेला असूनसुद्धा.

पश्चात्ताप होतो का?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी आणि जरा हळू आवाजात विचारतात. ती तीन वर्षं वाईट नव्हती. दुपारी तीनला सोसायटीची पाण्याची मोटर सुरू व्हायची, तिच्या आवाजाने लेक उठायची आणि आम्ही दोघी खिडकीत बसून टाकीवरचे कावळे मोजायचो. सतरापर्यंत आकडे ती कावळ्यांवरच शिकली. पण त्याच दिवसांत मी दुपारी बाथरूमचा नळ सोडून रडलेही आहे, कारण सकाळपासून मोठ्या माणसाशी एक वाक्य बोलले नव्हते. दोन्ही त्याच खोलीत झालं, त्याच आठवड्यात.

पुन्हा वेळ आली तर सोडेन का? एखादं वर्ष सोडेन. तीन नाही. आणि ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरल्याशिवाय तर मुळीच नाही.